टर्बो बदलण्याआधी बूस्ट मोजा: जुन्या डिझेल फोर बाय फोरवाल्यांसाठी

“टर्बो गेला भाऊ, नवा टाका लागते.”

तालुक्याच्या एका गॅरेजात बोनेट उघडून उभ्याउभ्या मला हा निकाल मिळाला होता. चिखलदऱ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरात निवांत जाणारी गाडी दुसऱ्यातही दमायला लागली होती आणि मागून काळा धूर सोडत होती. मृगाच्या संत्र्याचे पैसे नुकतेच हातात आले होते, त्यातले बरेचसे टर्बोत घालायची मी मनाची तयारी केली. घरी आलो तर शेडमध्ये ठिबकच्या फिल्टरचं एक जास्तीचं प्रेशर गेज पडलेलं दिसलं. पाणी मोजतं तर हवाही मोजेल, एवढ्याच विचाराने ते गाडीला जोडलं. गाडी चालवत पूर्ण रेस देऊनही काटा पाव किलोच्या पुढे सरकेना. शोधत गेलो तेव्हा टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी पाइपाला खालच्या अंगाने, क्लॅम्पच्या कडेला, बोटभर चीर सापडली. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची आणि दाब आला की उघडायची. पाइप बदलला, काटा पाऊण किलोच्या वर गेला, आणि तोच टर्बो त्यानंतर चार पावसाळे चालला.

आपल्याकडे अशा गाड्या पुष्कळ आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीतून वावरापर्यंत पोचायचं तर चारही चाकांची ओढ लागते, आणि नवी गाडी परवडत नाही म्हणून दहा-पंधरा वर्षांची जुनी घेतली जाते. घेणाऱ्याला टर्बो म्हणजे काय हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. त्यामुळे ओढ कमी झाली की पहिला दोष टर्बोवर जातो. त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. लागणारं सामान थोडं आहे, एका सकाळीचं काम आहे, आणि सोबत एक माणूस हवा.

बूस्ट म्हणजे नेमकं काय

सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. बाहेरच्या हवेपेक्षा जितका जास्त दाब ते तयार करतं, तो बूस्ट. गेज उघड्यावर शून्य दाखवतं, पण तिथेही वातावरणाचा सुमारे एक किलो दाब असतोच. म्हणून एक किलो बूस्ट म्हणजे इंजिनात जवळपास दुप्पट दाबाची हवा. हवा जास्त मिळाली की पंप जास्त डिझेल देऊ शकतो आणि ते पूर्ण जळतं. हवा कमी पडून डिझेल तेवढंच आलं, तर अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं.

मापांचा गोंधळ आधी मिटवून टाकू. पंक्चरवाला पाउंडात बोलतो, ठिबकवाला किलोत, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल बारमध्ये. हे वजनाचे किलो-पाउंड नव्हेत, दाबाचे आहेत: दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे दर चौरस इंचाला १४.२ पाउंड. एक बार म्हणजे १४.५ पाउंड. आपल्या कामासाठी किलो आणि बार एकच धरले तरी चालतं, फरक दोन टक्क्यांचाच आहे.

आणखी एक गोष्ट, जी नव्या माणसाला हमखास चकवते. डिझेल टर्बोचा बूस्ट इंजिनावर ओझं पडल्याशिवाय नीट तयार होत नाही. उभ्या गाडीत न्यूट्रलवर कितीही रेस दिली तरी धूर थोडाच निघतो, टर्बोला जोर मिळत नाही, काटा जेमतेम हलतो. बोनेट उघडं ठेवून रेस देऊन “बूस्ट येतच नाही” असं सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. बूस्ट रस्त्यावर, गिअरमध्ये, चाकांवर जोर असतानाच मोजायचा.

आपली गाडी कोणत्या जातीची

आधी गाडीला टर्बो आहे की नाही ते बघा. एमएम ५४० सारख्या जुन्या जीपच्या मूळ डिझेल इंजिनाला तो नव्हताच. असला तर कोणीतरी मागून बसवलेला असतो. टर्बो असेल तर त्याचे दोन मुख्य प्रकार भेटतात.

पहिला वेस्टगेटवाला. टर्बोच्या अंगावर एक गोल डबी असते, तिच्यातून एक दांडी निघते. बूस्ट ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोचला की डबीतला पडदा दांडी ढकलतो, धुराची एक खिडकी उघडते आणि जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. १९९८ साली आलेली १९४८ सीसीची सफारी किंवा २००२ सालची २.६ लिटरची पहिली स्कॉर्पिओ या काळातल्या गाड्यांचं शास्त्र हेच.

दुसरा प्रकार फिरत्या पाकळ्यांचा. २००७ मध्ये आलेल्या २.२ लिटरच्या सफारीत आणि एमहॉक इंजिनाच्या स्कॉर्पिओत तो आहे. धुराच्या वाटेवरच्या पाकळ्या कमी-जास्त उघडून तो कमी आरपीएमलाही बूस्ट देतो. बहुतेकदा या पाकळ्या व्हॅक्यूमने हलतात, म्हणजे डबीत जाणाऱ्या नळीत दाब नसतो, ओढ असते. हे लक्षात ठेवा, पुढे गेज जोडताना कामाला येईल.

किती बूस्ट बरोबर? नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच अखेरचा. मॅन्युअल हाती नसेल तोवर अंदाजासाठी: साध्या पंपाच्या, वेस्टगेटवाल्या जुन्या इंजिनात पूर्ण ओझ्यावर साधारण ०.६ ते ०.९ बार, आणि इंटरकूलर असलेल्या कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं) एक बारच्या आसपास किंवा त्याहून थोडा वर. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका, इंजिन वेगळं असलं की हिशोबच वेगळा.

गेज लावायच्या आधी

अर्धी दुखणी गेज न लावताच सापडतात. मी स्वतः एअर फिल्टरपासून सुरू करतो. ऑक्टोबरात सोयाबीनचा थ्रेशर चालतो तेव्हा भुसा आणि धूळ, त्यानंतर कापूस वेचणीत तंतू, आणि उन्हाळ्यात गाडीरस्त्याची मऊ माती. आपल्याकडचा फिल्टर वर्षभर कशा ना कशाने भरतच असतो. कंपनीने सांगितलेले किलोमीटर इथे पाळून भागत नाही. फिल्टर काढा, आतून दिवा किंवा मोबाइलची टॉर्च धरा. उजेड दिसत नसेल तर नवा टाका. साफ करायचा असेल तर हवा आतून बाहेर मारा, बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. आणि फिल्टर काढून टाकून ‘थोडं चालवून बघू’ हा प्रयोग कधीच करू नका. त्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांना धुळीचा एक मोठा कणही खडीसारखा लागतो.

मग फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप. या पाइपातून टर्बो हवा ओढतो, त्यात बूस्टचा दाब नसतो, त्यामुळे फाटला तर बूस्ट थोडाच कमी होतो, पण माती थेट टर्बोत जाते. जुन्या रबराचं आतलं अस्तर सुटून जास्त रेसला पाइप आत चेपतो, तेही बघा. बाहेरून दाबून पाइप अगदी लुळा लागला तर बदला.

टर्बोपासून इंजिनापर्यंतचे पाइप दाबाचे. प्रत्येक जोडाखाली हात फिरवा. बोटाला ताजं, पातळ ऑइल लागलं आणि त्यावर माती चिकटलेली असली, तर तिथून हवा निसटते आहे असं समजा. हवेबरोबर थोडी ऑइलची वाफ येतच असते, ती निसटत्या जागी साचते. इंटरकूलरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि गवताचं बी अडकलेलं असेल तर पाण्याने हळू धुऊन काढा.

वेस्टगेटच्या डबीपर्यंतची बारीक नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे ना, चिरली नाही ना, ते बघा. पाकळ्यांच्या टर्बोत व्हॅक्यूमच्या नळ्या बघा. उन्हाळ्यात ४५ अंशाच्या वर तापणाऱ्या आपल्या भागात, तेही बोनेटखाली, या नळ्या बिस्किटासारख्या कडक होतात आणि हात लावला की तुटतात. चार-पाच वर्षं झाली असतील तर मी सगळ्या एकदम बदलतो, खर्च फार नसतो.

शेवटी ऑइल. पातळी बघा, आणि मागच्या मालकाने कधी बदललं याचा भरवसा नसेल तर बदलून घ्या. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल खराब असेल तर आज बूस्ट बरोबर निघूनही उपयोग नाही.

गेज आणि नळी

दुकानात बूस्ट गेज म्हणून मिळतं ते उत्तम. नाही मिळालं तर ठिबकच्या दुकानात जा. फिल्टरवर लावायचं ग्लिसरीन भरलेलं गेज मिळतं, ग्लिसरीनमुळे गाडीच्या हादऱ्यात काटा थरथरत नाही. घेताना शून्य ते चार किलोपेक्षा मोठं घेऊ नका. शून्य ते दोन किलोचं मिळालं तर फारच चांगलं, कारण पाऊण आणि एक किलोतला फरक त्यावर स्पष्ट वाचता येतो. सोबत गेजच्या आट्यांना बसणारं निपल, टेफ्लॉन टेप, एक बारीक टी, छोट्या क्लिपा आणि जाड भिंतीची चार-पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची रबरी व्हॅक्यूम नळी, बोनेटपासून सीटपर्यंत पुरेल एवढी.

ठिबकची बारीक मायक्रोट्यूब वापरायचा मोह होईल, घरात गुंडाळीच पडलेली असते. इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि निपलवरून सुटते. फक्त रबरी नळी घ्या.

गेज खरं बोलतं का, हे घरच्या पाण्याच्या टाकीवर तपासता येतं. दहा मीटर उंच पाण्याचा दाब बरोबर एक किलो भरतो. टाकीतल्या पाण्याची पातळी गेजपासून पाच मीटर वर असेल तर अर्धा किलो दिसायला हवा. टाकीवरून येणाऱ्या नळाला गेज बांधा, बाकीचे नळ बंद ठेवा, टेपने उंची मोजा. थोडाफार फरक आला तर लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यात तो जमा किंवा वजा करा. नंतर गेज उलटं धरून पूर्ण कोरडं करा, गाडीच्या नळीत पाणी जायला नको.

जोडायचं कुठे

इंजिन पूर्ण थंड असताना हे काम करा. टर्बो आणि धुराचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा फाट्यांचा पाइप) हात भाजण्याइतके बराच वेळ तापलेले राहतात.

इंजिनाला प्रत्यक्ष किती हवा मिळते ते बघायचं असेल तर इनटेक मॅनिफोल्डजवळचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाजवळचा) दाब घ्यावा. साध्या पंपाच्या बऱ्याच टर्बो इंजिनांत मॅनिफोल्डवरून एक बारीक नळी डिझेल पंपाच्या माथ्यावरच्या गोल डबीत जाते. बूस्ट वाढला की ती डबी पंपाला जास्त डिझेल द्यायला सांगते. ही नळी मधून कापून तिथे टी बसवा. एक टोक पंपाकडे तसंच राहील, एक मॅनिफोल्डकडे, तिसरं गेजला. वेस्टगेटच्या डबीच्या नळीतही टी बसवता येते, पण बहुतेक वेळा ती टर्बोच्या तोंडाशी जोडलेली असते, म्हणजे इंटरकूलरच्या आधीचा दाब कळतो. जमलं तर दोन्ही जागा घ्या. टर्बोच्या तोंडाशी ०.८ आणि मॅनिफोल्डला ०.७ असेल तर ठीक. पण मॅनिफोल्डला ०.४ च आला तर टर्बो काम करतो आहे आणि मधली वाट फुटली किंवा तुंबली आहे, हे तिथल्या तिथे सिद्ध होतं.

तीन ठिकाणी हात लावू नका. पाकळ्यांच्या टर्बोच्या व्हॅक्यूम नळीत टी बसवू नका, तिथे बूस्ट नसतो. नोझलांना जोडणाऱ्या कापडी वेष्टनाच्या बारीक नळ्या उरलेल्या डिझेलच्या परतीच्या असतात, त्या कापू नका. आणि कॉमन रेल इंजिनाच्या लोखंडी डिझेल पाइपांचे नट चालू इंजिनात कधीच सैल करू नका. त्यात एक हजार बारच्याही वर दाब असतो आणि ती धार कातडी फाडून आत जाते.

नळी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी बुचातून केबिनमध्ये आणा. धारदार पत्र्याला, पंख्याला, बेल्टला आणि धुराच्या पाइपाला ती कुठेही लागायला नको. प्रत्येक जोडावर क्लिप लावा. गेज शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या हातात द्या.

गाडीला स्कॅनरचं सॉकेट असेल तर काम सोपं आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये मॅनिफोल्डचा दाब दिसतो, पण तो वातावरणासकट असतो. आधी इंजिन बंद ठेवून फक्त चावी लावा. आपल्या सपाटीवर ९७-९८ किलोपास्कल दिसेल. पूर्ण ओझ्यावर १९० दिसला तर १९० वजा ९७, म्हणजे ९३ किलोपास्कल, म्हणजे ०.९३ बार बूस्ट. हाच ९७ चा आकडा चिखलदऱ्याच्या पठारावर, सुमारे ११०० मीटर उंचीवर, ८९ च्या आसपास येतो. म्हणून वजा करायचा आकडा जिथे चाचणी घ्याल तिथलाच घ्या. वजाबाकी विसरून “माझी गाडी दोन बार बूस्ट देते” म्हणणारे बरेच भेटले आहेत.

रस्त्यावर

मे महिन्यात दुपारी हे करू नका. सकाळी उजाडल्यावर निघा. १५ अंशाच्या हवेपेक्षा ४५ अंशाची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच बूस्टवरही ओढ कमी लागते आणि इंजिनही उगाच तापतं. दरवेळी जवळपास सारख्याच हवेत मोजलं तर आकडे एकमेकांशी ताडता येतात.

रस्ता सरळ, मोकळा आणि डांबरी हवा, शक्यतो थोडा चढता. सपाट मुलखात रेल्वे पुलाचा चढ उपयोगी पडतो. गावातून, शाळेच्या वाटेवर, ढोरं सुटायच्या वेळेला ही चाचणी घेऊ नका. वळणांच्या घाटातही नको, तिथे लक्ष रस्त्यावरच लागतं. आणि फोर व्हील लीव्हर टू हायवरच, म्हणजे दोनच चाकांच्या ओढीवर ठेवा. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांत पुढचे-मागचे अ‍ॅक्सल फोर व्हीलमध्ये एकत्र बांधले जातात, कोरड्या डांबरावर ते एकमेकांशी झुंजतात आणि गिअरबॉक्सवर नको तो ताण येतो.

पंधरा-वीस मिनिटं गाडी नेहमीसारखी चालवून इंजिन गरम करा. मग तिसऱ्या गिअरात १५०० आरपीएमवर गाडी स्थिर करा आणि अ‍ॅक्सिलेटर एकदम पूर्ण दाबा. दाबूनच ठेवा. सोबत्याने २०००, २५०० आणि ३००० आरपीएमला गेज वाचायचं, किंवा सरळ आरपीएम आणि गेज दोन्ही एका व्हिडिओत घ्यायचे. तुम्ही फक्त रस्ता बघायचा, ही अट मोडू नका. वेगाची मर्यादा आली की पाय काढा. आरपीएम मीटर नसेल तर वेग टिपा: तिसऱ्याच गिअरात ३०, ४०, ५० असे ठरवून घ्या.

असं तीनदा करा. मध्ये दोन-तीन मिनिटं हळू चालवा. गाडी मोकळी असेल तर बूस्ट पुरता चढायच्या आत वेग निघून जातो, म्हणून मी मागे तीन-चार माणसं किंवा दोन-तीन पोती घेऊन जातो, ठरलेल्या वजनाच्या आत राहूनच. हॅण्डब्रेक ओढून, क्लच अर्धा सोडून जागेवर ओझं देण्याची युक्ती काही जण सांगतात. क्लच जळतो, आकडाही खरा येत नाही.

चाचणी संपली की इंजिन लगेच बंद करू नका, एक-दोन मिनिटं आयडलवर चालू द्या. टर्बो लाल व्हायच्या बेतात तापलेला असतो, ऑइल थांबलं की आतलं ऑइल जळून कोळसा होतं. ही सवय रोजची असू द्या, विशेषतः चढ चढून वर पोचल्यावर.

काटा काय सांगतो

चांगल्या गाडीत काटा १५०० च्या पुढे उठायला लागतो, दोन हजाराच्या आसपास झपाट्याने चढतो, ठरलेल्या आकड्याला टेकतो आणि तिथेच धरून राहतो. पाकळ्यांच्या टर्बोत तो जरा आधी उठतो.

काटा उशिरा उठतो आणि मर्यादेपर्यंत पोचतच नाही, सोबत काळा धूर: आधी गळती शोधा. पाइप, क्लॅम्प, इंटरकूलरच्या कडा. त्या ठीक असतील तर टर्बोच्या आधीचा धुराचा मॅनिफोल्ड बघा. गॅस्केटजवळ काजळीचा पट्टा आणि टिक-टिक आवाज असेल तर टर्बोला मिळायचा धूरच बाहेर निसटतो आहे. मग वेस्टगेट उघडा अडकला आहे का, किंवा पाकळ्यांच्या टर्बोत व्हॅक्यूम पुरेसा येतो का. पाकळ्यांच्या टर्बोत इंजिन चालू-बंद करताना डबीची दांडी हलताना दिसली पाहिजे. टर्बो स्वतः खराब असण्याची शक्यता मी या सगळ्याच्या शेवटी धरतो.

काटा बरोबर चढतो, पण जास्त आरपीएमला खाली घसरतो: तुंबलेला फिल्टर, आत चेपणारा पाइप किंवा आतून बसलेला सायलेन्सर.

बूस्ट बरोबर, तरी गाडी ओढत नाही, आणि धूरही नाही: हवा आहे, डिझेल नाही. डिझेल फिल्टर बघा. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरत असाल तर फिल्टरमधलं पाणी काढा. पंपाच्या माथ्यावर डबी असेल तर तिची नळी बघा; ती फुटली की पंपाला बूस्ट आल्याचं कळतच नाही आणि तो जास्तीचं डिझेल सोडत नाही. क्लच सरकतोय किंवा एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतोय, हेही याच लक्षणात येतं. चाचणीनंतर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर दोष इंजिनाकडे नाहीच.

बूस्ट ठरल्यापेक्षा बराच जास्त: लगेच पाय काढा आणि गाडी हळूच घरी न्या. वेस्टगेटची नळी निघालेली किंवा खिडकी गंजून बंद अडकलेली असते. गाडी अशा वेळी झकास पळते, म्हणून लोक खुश होतात, आणि मग हेड गॅस्केट जातं. वेस्टगेटची दांडी मुद्दाम आखूड करून बूस्ट वाढवून देणारे मिस्त्री असतात. जुन्या इंजिनावर हे करू नका, आणि गाडी विकत घेताना दांडीच्या नटावर ताज्या पान्याच्या खुणा आहेत का तेही बघा.

गळती सापडत नसेल तर

गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, म्हणून पाइपात दाब भरून शोधावं लागतं. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावरचा पाइप काढा आणि तिथे बरोबर बसेल असा पीव्हीसीचा एंड कॅप रबरी जोडाने क्लॅम्प करा. कॅपला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व बसवलेला असावा. तो पंक्चरवाला बसवून देतो. कॅप टर्बोच्या तोंडाशीच लावा. त्याच्या अलीकडे इंजिनाच्या वाफेची नळी येऊन मिळते, तीही दाबात आली तर हवा इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर ढकलेल.

इंजिन बंद. ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवा. हातपंपाने किंवा कॉम्प्रेसरने हळूहळू दहा पाउंडांपर्यंत हवा भरा, त्याहून जास्त नाही, आणि कॅपच्या समोर उभे राहू नका. निरम्याचं पाणी प्रत्येक जोडावर शिंपडा. थोडी हवा इंजिनाच्या उघड्या वॉल्वमधून निघून जातेच, त्यामुळे दाब हळूहळू उतरला तर घाबरू नका. बुडबुडे कुठे येतात ते बघा. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीची आणि अ‍ॅल्युमिनियमची कड जिथे जुळते तिथे मी दोनदा शिंपडतो, ती जागा डोळ्याला कधीच दिसत नाही.

कॅप काढलेलाच आहे तर थंड टर्बोचा दांडाही तपासून घ्या. चाक बोटाने फिरवा, ते अडखळायला नको. बाजूला हलवलं तर किंचित खेळ लागेल, तो ऑइलच्या थरासाठी ठेवलेला असतो आणि त्यावरून टर्बो बाद ठरत नाही. आत-बाहेर ओढलं तर मात्र खेळ जवळजवळ जाणवायला नको. पात्यांची टोकं खरचटलेली असतील, ती घराच्या भिंतीला लागल्याच्या खुणा असतील, किंवा इंटरकूलरच्या पाइपात कपभर ऑइल साचलेलं असेल, तर मग तो मिस्त्री बरोबर होता, टर्बो उघडावा लागेल. उघडताना टर्बोला ऑइल देणारा बारीक पाइप आणि परतीचा पाइप साफ करून किंवा बदलून घ्यायला सांगा. जुना टर्बो ज्या तुंबलेल्या पाइपामुळे गेला, तोच नव्याला लावला तर नवाही जातो.

सगळं जोडून झालं की टी आणि नळीचा जोड कायमचा ठेवा, तोंडाला बूच लावून क्लिप मारा. पुढच्या वेळी गेज लावायला पाच मिनिटं पुरतात. मी डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवली आहे: तारीख, सकाळची हवा, किती माणसं बसली होती, आणि २०००, २५००, ३००० ला आलेले आकडे. वर्षातून दोनदा लिहितो, पेरणीच्या आधी आणि सोयाबीन निघाल्यावर.